परड्यातल्या गोष्टी : कोंबड्यांच्या पायाखाली काय पसरायचं?



गेल्या अंकात खुराड्याची जाळी, दारं, कड्या आणि मुंगसापासून बचाव एवढं सगळं सांगितलं आणि "आत खाली काय पसरायचं ते पुढच्या वेळी बघू" म्हणून मी हळूच निसटलो. ते तुमच्या लक्षात आलेलं दिसतंय. या महिन्यात आलेल्या बहुतेक निरोपांत एकच प्रश्न आहे : तूस, भुसा, पिंजर की वाळू?

निसटायला कारण होतं. या प्रश्नाचं उत्तर मला एका चुकीतून मिळालं आणि ती चूक पाच पिल्लांना भोवली. ती गोष्ट सांगायला अजून जड जातं. पण तुमच्यातले काहीजण मिरगाच्या आधी कोंबड्या आणायच्या तयारीत आहेत, तेव्हा आता सांगायलाच हवी.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख. आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. नोकरी बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण २०२० पासून काम घरूनच. घरामागे छोटं परडं आहे. त्यात सहा कोंबड्यांसाठी सहा फूट बाय चार फुटांचं खुराडं आणि त्याला जोडून दहा फूट बाय सहा फुटांचं जाळीचं अंगण. देखभालीला मी, सल्ल्याला आई आणि हजेरी घ्यायला लेक. ती आता आठ वर्षांची आहे.

आज्जीला हा प्रश्न का पडला नाही?

माझी आज्जी खानापूरकडच्या खेड्यातली. तिच्याकडे दहा-बारा कोंबड्या असायच्या आणि त्यांच्याखाली काहीही पसरलेलं नसायचं. संध्याकाळी त्या सोप्याच्या कोपऱ्यात यायच्या, आज्जी त्यांच्यावर डालगं पालथं घालायची. सकाळी डालगं उचललं की कोंबड्या बाहेर. खालच्या सारवलेल्या जमिनीवर चुलीतली राख टाकायची, खराट्यानं सगळं ओढायचं आणि उकिरड्यावर लोटायचं. दोन मिनिटांचं काम.

दिवसभर त्या कोंबड्या खळ्यात, उकिरड्यावर, कळकाच्या बेटात फिरत. घाण अर्ध्या एकरात विखुरली जाई आणि ऊन-वारा ती सुकवून टाकी. आम्ही मात्र सहा कोंबड्या चोवीस चौरस फुटांत कोंडतो. सूर्याचं आणि वाऱ्याचं काम मग खालच्या गादीला करावं लागतं. पोल्ट्रीवाले त्याला 'लिटर' म्हणतात. मराठीत 'गादी पद्धत' असा चांगला शब्द आहे, पण त्या शब्दानंच माझा घोळ झाला. गादी म्हटल्यावर मला वाटलं, कोंबड्यांना मऊ वाटावं म्हणून ती घालायची.

तसं नाही. हिशेब करून बघा. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतं. सहा कोंबड्यांचं मिळून रोज अर्धा लिटर पाणी झालं. म्हणजे महिन्याला पंधरा लिटर पाणी आपण खुराड्याच्या जमिनीवर ओततो आहोत. पिण्याच्या भांड्यातून सांडलेलं आणि पावसाच्या झडीनं आत आलेलं वेगळंच. हे पाणी शोषून पुन्हा हवेत सोडणं, हे गादीचं खरं काम.

ते झालं नाही तर काय होतं? कोंबडी वेगळी लघवी करत नाही. तिच्या विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते यूरिक अ‍ॅसिड. ओल आणि ऊब मिळाली की सूक्ष्मजीव त्यापासून अमोनिया तयार करतात. डोळ्यांत झोंबणारा वास येतो तो हाच. पोल्ट्रीत हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाख भागांत २५ भागांच्या वर जाऊ देऊ नये असं सांगतात, कारण त्यानं कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका खराब होतात. एक गोष्ट मला उशिरा कळली. आपण वास घेतो तो उभं राहून, पाच फुटांवरून. कोंबडीचं नाक जमिनीपासून वीतभर वर असतं आणि पिल्लाचं तर दोन बोटं. खुराड्याचा खरा वास घ्यायचा तर उकिडवं बसून, मान खाली घालून घ्यावा.

त्या आषाढात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात आमची काळी खुडूक झाली. आईनं तिला नऊ अंड्यांवर रवणीला बसवलं. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं बाहेर पडली. लेक तेव्हा नुकतीच पेटीच्या क्लासला जायला लागली होती, त्यामुळे त्यांची नावं ठरायला वेळ लागला नाही : सा, रे, ग, म, प, ध, नि आणि वरचा सा. कोण कुठला स्वर ते तिला ओळखू यायचं, आम्हांला नाही.

पाऊस सुरू झाला तसा मी तयारीला लागलो. वखारीतून लाकडाचा भुसा आणला. फुकट मिळाला, चार पोती. ताज्या, ओल्या ओंडक्यांवर करवत चालू होती, तोच भुसा. हाताला गार लागत होता, ते मला ताजेपणाचं लक्षण वाटलं. चांगला चार इंच जाड थर दिला. पाऊस आत येऊ नये म्हणून खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधली. बेळगावचा पाऊस तुम्हांला माहीत आहे. तो एकदा बसला की दिवसच्या दिवस हलत नाही. त्या पावसात आपली पिल्लं बंद, उबदार खोलीत मऊ गादीवर आहेत, याचं मला मोठं समाधान वाटत होतं.

भुसा आधीच ओला. वारा बंद. पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवलेलं, त्यात पिल्लं पाय घालून नाचणार. दहा-बारा दिवसांत त्या भुशाची पोळी झाली. वरून तांबूस आणि कोरडी, खालून काळी आणि चिकट. मी वरूनच बघत होतो.

एका दुपारी माझी मीटिंग चालू होती. लेक खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, पिल्लांची गादी ओली आहे. माझ्या हाताला चिकटली." मी कानावरच्या हेडफोनकडे बोट केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ती गेली. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा मी उरलेल्या पोत्यातला भुसा वरून पसरला. ओलं दिसेनासं झालं. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते अक्षरशः कोंबड्यांच्या बाबतीतच खरं ठरलं.

चार दिवसांनी 'म' पंख पाडून कोपऱ्यात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी विष्ठेत रक्त दिसलं. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो तोवर दोन पिल्लं गेली होती. डॉक्टरांनी नमुना बघितला, वय विचारलं. चार आठवडे म्हटल्यावर म्हणाले, रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. पाण्यातून द्यायचं औषध दिलं आणि वर म्हणाले, "औषध देतोय, पण आधी त्यांच्या पायाखालचं बदला. नाहीतर औषध एका बाजूनं आणि रोग दुसऱ्या बाजूनं."

त्यांनी समजावलं ते असं. या रोगाचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ते तयार होतात आणि मग पिल्लू खाली चोच मारताना ते पोटात जातात. कोरड्या गादीत त्यांची ही तयारी नीट होत नाही. थोडेफार जंतू पोटात गेले तर पिल्लांमध्ये प्रतिकारशक्तीही येते. माझ्या गादीत मात्र जंतूंना हवं ते सगळं होतं आणि ते मी स्वतः पोत्यांनी वाहून आणलं होतं.

आठवड्यात पाच पिल्लं गेली. रे, प आणि वरचा सा राहिले.

या काळात मी बरीच कारणं शोधली. खाद्य जुनं असेल, थंडी बाधली असेल, विकत आणलेल्या तलंगांनी रोग आणला असेल. माझ्याकडे एक्सेलची फाइल होती. रोजची अंडी, खाद्य, खर्च, वजन असे अकरा रकाने त्यात होते. मी रात्री बसून ते सगळे आकडे चाळत होतो. जमीन ओली की कोरडी, याचा रकाना त्यात नव्हता. ती नोंद एका सहा वर्षांच्या मुलीनं मला तोंडी दिली होती आणि मी ती घेतली नव्हती.

शेवटी लेकीनंच विचारलं, "गादी ओली होती म्हणून ना?" मी हो म्हटलं. ती आणखी काही बोलली नाही.

मग काय पसरायचं?

त्यानंतर गेली दोन वर्षं मी जवळपास मिळणारा जवळजवळ प्रत्येक जिन्नस थोडाथोडा वापरून बघितला. कुठलाही जिन्नस आणताना मी आता तीनच प्रश्न विचारतो. तो लवकर सुकतो का? त्याची पोळी होते का? आणि तो आधी कशात वापरलेला होता?

भाताचं तूस. आमच्या भागात माझा पहिला क्रमांक याला. तूस फारसं पाणी धरत नाही. पण त्याचे दाणे होडीसारखे वाकलेले असतात, त्यामुळे मध्ये हवा खेळते. ते दबून बसत नाही आणि दाताळं फिरवलं की लगेच सुकतं. त्यात सिलिका भरपूर असते, म्हणून ते चटकन कुजतही नाही. माझ्या चोवीस चौरस फुटांना सहा इंच थर द्यायला बारा घनफूट तूस लागतं, म्हणजे साधारण चार पोती.

आणताना दोन गोष्टी सांभाळा. एक, तूस मागा, कोंडा नको. कोंडा म्हणजे तांदळावरची पिठूळ साल. ती खायला चांगली, पसरायला नाही. दोन, खेड्यातल्या जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो. ते मिश्रण ओल धरतं, त्याला बुरशी येते आणि उंदीर घरचा पत्ता विचारत येतात. तूस वेगळं काढणाऱ्या राईस मिलमध्येच जा. आणि सुगी झाल्यावर जा. भात निघतं तेव्हा तूस कोरडं असतं आणि भरपूर असतं. जुलैत तेच ओलं मिळतं, तेही मिळालं तर. मी मार्चमध्ये आठ पोती आणून माळ्यावर ठेवतो.

अगदी लहान पिल्लं पहिल्या दिवसांत तूस खाद्य समजून टिपतात. तेव्हा पहिले तीन-चार दिवस त्यावर खडबडीत कागद किंवा जुन्या पोत्याचं फडकं घाला. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पिल्लांचे पाय फाकतात आणि मग ते तसेच राहू शकतात.

लाकडाचा भुसा. माझी दुश्मनी आहे म्हणून त्याला वाईट म्हणणार नाही. वाळलेल्या लाकडाचा जाडसर भुसा चांगला शोषतो. पण बारीक भुसा धूळ होतो आणि ओला भुसा बुरशी धरतो. त्या बुरशीनं पिल्लांना फुप्फुसाचा आजार होतो. वखारीत मूठभर उचलून दाबून बघा. गार लागला तर पोतं परत द्या, फुकट असला तरी.

रंधा मारताना निघणारी लाकडाची भेंडोळी. कामगिरी बघितली तर तुसाहूनही सरस. शोषतात, फुलून राहतात, धूळ कमी. अडचण एकच : सुताराच्या दुकानात लाकडाबरोबर प्लायवूड आणि एमडीएफचाही कचरा पडतो आणि त्यात डिंक, रसायनं असतात. वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूडही असतं. फक्त साधं लाकूड कापणारा सुतार ओळखीचा असेल तर नशीबवान आहात.

पिंजर. भाताचं काड. आईचा पहिला आग्रह याचाच होता, कारण घरोघरी तेच असायचं. लांब पिंजर जमिनीवर घातलं तर त्याची चटई होते, वरून पाणी निथळतं आणि खाली कुजतं. दोन-दोन इंच तोडून तुसात मिसळलं तर छान, कोंबड्याही उकरत बसतात. अंडी घालायच्या खोक्यात मात्र पिंजराला तोड नाही. तिथं मऊ गादीच हवी असते आणि तिथं ओल नसते.

शेंगांची टरफलं. कोरडी असतील तर चांगली. पण भुईमुगाला बुरशी लवकर लागते आणि ती विषारी असू शकते. काळे डाग किंवा कुबट वास असेल तर नको.

उसाचं चिपाड आणि पाचट. आमच्याकडे गुऱ्हाळं आणि साखर कारखाने, त्यामुळे तोटा नाही. चिपाड पाणी खूप पितं, पण उरलेल्या साखरेमुळे आंबतं आणि लवकर बुरसतं. खुराड्यात नको. पाचट बाहेरच्या अंगणासाठी राखून ठेवा, त्याबद्दल खाली सांगतो.

वाळू. घाण चाळणीनं वेचता येते, म्हणून काहींना आवडते. कोरड्या हवेत चालते. आमच्या पावसात ती एकदा भिजली की महिनाभर गारच. आणि एक बेळगावी इशारा : उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमधली वापरलेली वाळू कुणी फुकट देऊ केली तर घेऊ नका. साच्याच्या वाळूत कोळशाची भुकटी असते, काही ठिकाणी रेझिनही असतं. मला एका मित्रानं ट्रॉलीभर देऊ केली होती. फुकटच्या भुशाचा अनुभव ताजा होता, म्हणून वाचलो.

आपले वाचक सगळे बेळगावचे नाहीत. गोव्यातल्या मंडळींकडे नारळाचा काथ्या आणि त्याचा भुसा मुबलक आहे, पण तो भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. कुंडीत तो गुण, खुराड्यात दोष. सोडणाचे जाड तुकडे मात्र बाहेरच्या अंगणात छान. इंदूरकर 'भुसा' म्हणतात ते बहुधा गव्हाचं बारीक काड. ते तोडलेलंच असतं, तेव्हा चालेल. तिकडे कोरड्या महिन्यांत अडचण उलटी, धुळीची. तेव्हा गादी थोडी जाड काड मिसळून भरा आणि साफ करताना तोंडाला फडकं बांधा. खरं तर ते सगळ्यांनीच बांधावं, आणि मुलांनी हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावू नये.

अंगणातला चिखल

जाळीच्या अंगणात वर आभाळ, खाली तांबडी माती. दोन सरींत राडा. तिथं तूस टाकलं तर वाहून जातं. तिथं काही पसरण्याआधी पाण्याला वाट द्यायची. मी उताराच्या बाजूला वीतभर चर काढला आणि छपराच्या पागोळ्या अंगणात पडत होत्या त्या पन्हळ लावून वळवल्या. या दोन गोष्टींनी निम्मा चिखल कमी झाला. मग जाड फांद्यांचे तुकडे, त्यावर पाचट आणि वाळका पाला असा थर दिला. पाणी खाली उतरतं आणि कोंबड्यांचे पाय वर राहतात. पाला दर पंधरा दिवसांनी वाढवायचा, बस्स.

अंगणाच्या एका कोपऱ्यावर पत्रा टाकून तो कायम कोरडा ठेवला आहे. आमच्या शेजारच्या कन्नड आज्जी एकदा कुंपणावरून बघत होत्या. कोंबड्या सारख्या चोचीनं पिसं विंचरताना दिसल्या तेव्हा म्हणाल्या, "बूदी हाक्री." राख घाला. चुलीतली राख आणि कोरडी माती त्या कोपऱ्यात टाकल्यापासून कोंबड्या दुपारी तिथं लोळतात आणि पिसांतल्या उवा आटोक्यात आहेत. राख तिथंच ठेवा. खुराड्यातल्या गादीवर राख किंवा चुना भुरभुरला की वास जाईल असं वाटतं, पण ओल्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया उलट जोरानं बाहेर पडतो. चुन्याची जागा रिकाम्या, धुतलेल्या जमिनीवर आणि भिंतींवर, नवी गादी घालण्याआधी.

रोजची राखण

जिन्नस कुठलाही घ्या, निगा त्याहून महत्त्वाची. आमचा नेम असा आहे.

बसायच्या दांड्याखाली पत्र्याचा ट्रे आणि त्यात मूठभर तूस. रात्रीची सगळी घाण एकाच जागी पडते, ती सकाळी चहाआधी उचलायची. निम्मा भार इथंच हलका होतो.

पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगायचं. पिल्लांसाठी विटांवर, त्यांच्या उंचीप्रमाणे. भांड्याखाली ओलं दिसलं की तेवढं तूस लगेच काढून नवं टाकायचं. ओल्यावर कोरडं घालायचं नाही. हे वाक्य मी खुराड्याच्या दारावर लिहून ठेवलं आहे.

आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं गादी खालवर करायची. थोडे दाणे गादीवर फेकले तर हे काम कोंबड्याच हौसेनं करतात.

ताडपत्री फक्त वाऱ्याच्या बाजूला, आणि तीही वरची वीतभर जागा उघडी ठेवून. ओल बाहेर जायला वाट हवी. कोंबड्यांना थंडीपेक्षा कोंदट हवा जास्त बाधते.

आणि दर रविवारी मुठीची परीक्षा. गादीतून मूठभर तूस खालून, तळातून, घ्यायचं आणि घट्ट दाबून मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. क्षणभर धरून मग विस्कटलं तर बरोबर. अजिबात न धरता धूळ उडाली तर फार कोरडी. याला ना यंत्र लागतं, ना अ‍ॅप.

गादी तळापासून वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, पूर्ण काढतो. जमीन आठवडाभर उन्हात तापू देतो, चुना मारतो, मग चार इंच नवं तूस. पुढे वाढवत सहा इंचांपर्यंत. निघालेली गादी आई सोडत नाही. कोंबडखत उष्ण असतं, ताजं घातलं तर रोपं भाजतात. त्यामुळे ती वाळक्या पाल्याबरोबर ढीग घालून, अधूनमधून पाणी मारून, चार-सहा महिने कुजवते. तूस सगळं कुजत नाही, पण आमची चिकट तांबडी माती त्यानं भुसभुशीत होते. गेल्या वर्षीच्या दोडक्याचा मांडव शेजाऱ्यांनी येऊन बघितला. ज्या शेजाऱ्यांनी पहिल्या पावसाळ्यात वासाबद्दल आईला टोकलं होतं, तेच हे. आता ते एक पोतं खत मागून नेतात.

या वर्षी काळीनं पुन्हा रवण धरली. सात पिल्लं निघाली आहेत, आज तीन आठवड्यांची झाली. माझ्या फाइलीत आता बारावा रकाना आहे आणि तो मी भरत नाही. रविवारी सकाळी लेक खुराड्यात जाते, मूठ दाबते, उघडते आणि 'बरोबर' किंवा 'ओली' एवढंच येऊन सांगते. मीटिंग चालू असली तरी मी हेडफोन काढतो.

पिल्लांची नावं अजून ठेवलेली नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली, "सहा आठवडे होऊ देत."

पुढच्या अंकात अंडी घालायच्या खोक्यांबद्दल आणि एकाच खोक्यासाठी भांडणाऱ्या कोंबड्यांबद्दल. तुमच्याकडे काय पसरता, ते जरूर कळवा.